जुन्या सवयींना ‘नाही’ म्हणणारा सर्व्हर : विंडोज सर्व्हर २०२५

ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये अजून विंडोज सर्व्हर २००८ आर२ किंवा २०१२ आर२ चालू आहे, आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ हे ज्यांना दर बैठकीत ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या संस्थेचं सगळं सर्व्हर नेटवर्क मी विंडोज सर्व्हर २०२५ वर नेलं. आधीचा पसारा असा: दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) २००८ आर२ चे, फाइल सर्व्हर २०१२ आर२ चा, त्यावरच सगळे प्रिंटर शेअर केलेले, आणि लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरसाठी एक वेगळं मशीन, ज्यावर एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ हा डेटाबेस. डोमेन, म्हणजे या खात्यांचं आणि यंत्रांचं सामायिक जाळं, तर त्याहून जुनं, सर्व्हर २००३ च्या काळात तयार केलेलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने त्याच पायावर मजले चढवलेले.

मत आधीच सांगून टाकते. सिस्टिम घ्यावी अशीच आहे. पण तिच्या जाहिरातीत ज्या गोष्टी पुढे केल्या जातात त्यासाठी नाही. ती ज्या जुन्या गोष्टींना दारातूनच परत पाठवते, त्यासाठी घ्यावी. आमच्या नेटवर्कमध्ये काय काय सडत पडलं होतं हे मला या सिस्टिमच्या नकारांमुळे कळलं, आणि ते कळणं हाच या कामाचा सगळ्यात मोठा फायदा ठरला.

वरिष्ठांना पटवायला तारखा पुरतात, म्हणून त्या देते. २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. २०१२ आणि २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. पैसे भरून मिळणारी जादा सुरक्षा अपडेट्स घेतली तरी १३ ऑक्टोबर २०२६ ही शेवटची तारीख. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ चा सपोर्ट तर ९ जुलै २०१९ लाच संपलेला. सपोर्ट संपल्यावर मशीन बंद पडत नाही, आणि गैरसमज तिथेच होतो. मशीन चालत राहतं, फक्त नवीन भोक सापडलं की ते बुजवणारं कोणी नसतं. बैठकीत मी खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसचं उदाहरण दिलं. त्या हल्ल्याने वापरलेल्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्ला झाला मे मध्ये. ज्यांनी पॅच लावला ते वाचले. आणि सर्व्हर २००३ वाल्यांसाठी तेव्हा पॅचच नव्हता, कारण त्याचा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये संपला होता. मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर खास अपवाद म्हणून तो द्यावा लागला. असा अपवाद पुन्हा होईल यावर संस्थेची कागदपत्रं टांगून ठेवायची का, एवढंच मी विचारलं. मंजुरी मिळाली.

आता मुख्य गोष्ट. २००८ आर२ च्या डोमेनमध्ये २०२५ चा डोमेन कंट्रोलर थेट जोडता येत नाही. २०२५ ला फॉरेस्टची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रचनेची, फंक्शनल लेव्हल (आवृत्तीची पातळी) किमान २०१६ ची लागते, आणि ती लेव्हल गाठायची तर सगळे डोमेन कंट्रोलर २०१६ किंवा त्यापुढचे हवेत. म्हणजे मध्ये एक मुक्काम करावाच लागतो. मी तो २०२२ वर केला. व्हॉल्यूम परवान्यात जुनी आवृत्ती चालवायचा हक्क असतो, त्यामुळे मधल्या मुक्कामासाठी वेगळी खरेदी लागली नाही.

त्या मुक्कामाच्याही आधी एक काम असतं, आणि जुन्या डोमेनवाल्यांनी ते आधीच तपासावं. २००३ च्या काळात जन्मलेल्या डोमेनमध्ये सिसव्हॉल फोल्डर, म्हणजे ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकदम लागू होणारे नियम) आणि लॉगऑन स्क्रिप्ट ज्यात असतात ते, एफआरएस नावाच्या जुन्या पद्धतीने एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जातं. २०१९ पासूनचे कंट्रोलर ही पद्धत मानतच नाहीत. आधी ती डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी डीएफएसआरमिग ही कमांड आहे आणि तिचे टप्पे आहेत: प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड. पहिल्या टप्प्यात नव्या पद्धतीची प्रत शेजारी तयार होते, पण काम जुन्यावरच चालतं. दुसऱ्यात नवी प्रत वापरात येते, जुनी शेजारी राहते. तिसऱ्यात जुनी जाते. पहिल्या दोन टप्प्यांवरून मागे येता येतं, तिसऱ्यावरून येता येत नाही. ही रचना मला फार आवडते, कारण ज्याने ती बनवली त्याला डोमेन चालवणाऱ्या माणसाच्या पोटातली भीती ठाऊक होती. मी प्रत्येक टप्प्यावर दोन्ही कंट्रोलरची स्थिती बघून, पॉलिसी पोहोचतात का याची चाचणी घेऊन मगच पुढे गेले, आणि शेवटचा टप्पा मुद्दाम उशिरा केला.

मग २०२२ चे दोन कंट्रोलर जोडले, पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) त्यांच्यावर नेले, जुने उतरवले, लेव्हल २०१६ वर नेली. मगच २०२५ आत आला. लिहायला हे एका दमात होतं. करताना प्रत्येक पायरीवर थांबून रेप्लिकेशन (कंट्रोलरमधली माहितीची देवाणघेवाण) स्वच्छ आहे ना हे बघावं लागतं. एक गोष्ट बरेच जण विसरतात: पीडीसी एम्युलेटर हा रोल ज्या मशीनवर जातो, त्याच्याच घड्याळावर सगळं डोमेन चालतं. रोल हलवला की बाहेरच्या टाइम सर्व्हरची जोडणी नव्या मशीनवर करायची. लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत घड्याळातला ५ मिनिटांपर्यंतचा फरक सहन करते. त्यापुढे लोकांना लॉगिनच करता येत नाही, आणि तेव्हा घड्याळाचा संशय सहसा कोणाला येत नाही.

आता नकारांकडे वळते.

पहिला नकार आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शनला. २०२५ चा डोमेन कंट्रोलर आरसी४ मध्ये गुंडाळलेलं कर्बेरॉसचं मुख्य तिकीट, म्हणजे लॉगिनचा पुरावा, देतच नाही. आरसी४ कच्चं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या नेटवर्कमध्ये ते कोण वापरतं याचा पत्ता नसतो. इथे एक बारकावा आहे. खात्याचा पासवर्ड ज्या दिवशी ठेवला जातो, त्या दिवशी त्याच्या चाव्या तयार होतात. डोमेन एईएस हे मजबूत एन्क्रिप्शन समजायला लागलं त्याच्या आधी ठेवलेला पासवर्ड असेल, तर त्या खात्याला एईएसची चावीच नसते. माणसं पासवर्ड बदलतात, त्यांचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात त्या खात्यांचा. मी २०२५ आत आणण्याआधी सगळ्या सर्व्हिस अकाउंटची यादी काढली आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखेने लावली. सगळ्यात वर बॅकअपचं खातं. तारीख २००८ आर२ चे कंट्रोलर लागायच्या आधीची. खातं डोमेन अ‍ॅडमिन गटात, पासवर्ड कधीच न संपणारा, आणि तो कोणाला माहीत होता हे सांगणारं कार्यालयात कोणी उरलेलं नव्हतं.

असं खातं बदलताना ते कुठे कुठे टोचून ठेवलंय हे शोधण्यातच खरी मेहनत जाते. एका सर्व्हिसमध्ये असेल, शेड्यूल्ड टास्कमध्ये असेल, कुठल्या तरी बॅच फाइलमध्ये पासवर्ड उघडाच लिहिलेला असेल. कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ते खातं कुठल्या आयपीवरून लॉगिन करतं ते बघत बसले. बॅकअप सर्व्हरवरून येणं अपेक्षितच होतं. पण भांडार विभागातल्या एका पीसीवरूनही येत होतं. तिथे कोणे काळी कोणी तरी फाइल कॉपी करणारा टास्क लावून ठेवला होता आणि तो इमानेइतबारे रोज रात्री डोमेन अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालत होता. त्या पीसीवर बसणाऱ्या कोणालाही जरा खटपट करून अख्खं डोमेन हातात घेता आलं असतं. टास्क काढला, खात्याचे अधिकार कापले, आणि जिथे जमलं तिथे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट लावली, ज्यांचा पासवर्ड डोमेन स्वतःच ठरवतं आणि नेहमीच्या मांडणीत दर ३० दिवसांनी बदलतं. ही सोय २०१२ पासून आहे, त्यासाठी २०२५ लागत नाही. पण २०२५ ने आरसी४ ची वाट बंद केली नसती, तर ती यादी काढायची वेळ आमच्यावर आलीच नसती.

दुसरा नकार उघड्या एलडॅपला, म्हणजे सॉफ्टवेअर डोमेनकडे खात्यांची माहिती विचारतात त्या पद्धतीला. नव्या डोमेनमध्ये २०२५ सही नसलेली एलडॅप जोडणी मुळात घेतच नाही. जुन्या डोमेनमधून येणाऱ्यांनी ही सक्ती आपल्या पॉलिसीत स्वतः चढवावी. चढवण्याआधी कोण अडेल हे बघायची सोय जुन्या सर्व्हरवरही आहे, आणि ती फुकट आहे. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २८८७ नंबरचा इव्हेंट दिवसातून एकदा येतो आणि अशा किती जोडण्या झाल्या ते सांगतो. एलडॅपच्या डायग्नॉस्टिक लॉगची पातळी २ वर नेली की २८८९ येतो, आणि त्यात प्रत्येक जोडणीचा आयपी आणि खातं असतं. आमच्याकडे हजेरीचं सॉफ्टवेअर निघालं. ते कर्मचाऱ्याचं नाव आणि पासवर्ड ३८९ पोर्टवरून जसाच्या तसा पाठवत होतं. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्या पुरवठादाराला विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमच्या सर्व्हरचं सेटिंग ढिलं ठेवा, बाकी सगळ्यांनी तेच केलंय.’ मी त्यांची सेटिंगची फाइल स्वतः उघडली. त्यात ६३६ पोर्ट आणि प्रमाणपत्राची जागा आधीपासून होती, रिकामी. भरली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, चालू झालं. सगळ्या संस्थेचे पासवर्ड नेटवर्कवर उघडे फिरताहेत आणि उपाय त्यांच्याच फाइलमध्ये पडून आहे, हे बघून मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

तिसरा एसएमबी१ ला, म्हणजे फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीला. हा नकार नवा नाही. सर्व्हर २०१९ पासूनच एसएमबी१ मुळात बसवलेलं नसतं. पण २०१२ आर२ वरून येणाऱ्याला तो पहिल्यांदा इथेच भेटतो. जुन्या फाइल सर्व्हरवर एसएमबी१ चं ऑडिट चालू केलं की एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० नंबरचे इव्हेंट पडतात आणि कोणता आयपी अजून त्या भाषेत बोलतो ते कळतं. आमच्याकडे बहुतेक स्कॅनरवाली यंत्रं निघाली, जी स्कॅन केलेली फाइल थेट शेअर फोल्डरमध्ये टाकतात. काहींना फर्मवेअर अपडेट करून एसएमबी२ आलं. एकाला येईना. सर्व्हरवर एसएमबी१ परत बसवता येतं, त्याचा रस्ता उघडा ठेवलेला आहे, आणि माझ्यावर तसा दबावही आला. मी नाही म्हटलं आणि यंत्र बदलून घेतलं. एका स्कॅनरसाठी अख्ख्या फाइल सर्व्हरचं दार उघडं ठेवणं मला मान्य नाही.

एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीची पहिली आवृत्ती २०२५ मधून काढूनच टाकली आहे. नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळात बंद असतात. आणि सर्व्हरमध्येच असणारी एसएमटीपीची, म्हणजे मेल पुढे पाठवायची, सोय गेली. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण ती नक्की तपासा. यूपीएसच्या सूचना, बॅकअपचे अहवाल, स्कॅन-टू-ईमेल, असलं बरंच काही जुन्या सर्व्हरवरच्या त्या रिलेवरून गुपचूप जात असतं. रिले गेला की कोणी तक्रार करत नाही, कारण न आलेली मेल कोणाला दिसत नाही. रिलेचा लॉग काढून पाठवणाऱ्यांची यादी करायची आणि प्रत्येकाला नवा पत्ता द्यायचा.

फाइल सर्व्हरच्या बाबतीत मात्र मी मनापासून स्तुती करणार आहे, आणि ती स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिसची. २०१९ मध्ये आलेलं हे साधन विंडोज अ‍ॅडमिन सेंटरमधून चालतं. आधी जुन्या सर्व्हरची मोजदाद करतं: शेअर, फाइल, परवानग्या, नेटवर्कची मांडणी. मग डेटा नेतं, परवानग्यांसकट. पुन्हा चालवलं की फक्त बदललेल्या फाइल नेतं, त्यामुळे मोठा भार आधीच हळूहळू हलवून ठेवता येतो. आणि शेवटचा टप्पा म्हणजे कटओव्हर: नवा सर्व्हर जुन्याचं नाव आणि आयपी घेतो, जुना दुसऱ्या नावाने बाजूला होतो. स्रोत म्हणून अगदी सर्व्हर २००३ सुद्धा चालतो.

नाव का महत्त्वाचं, ते लेखा विभागात कळतं. त्यांच्या वार्षिक पत्रकांत एक एक्सेल दुसऱ्या एक्सेलमधून आकडे ओढतं, ते तिसऱ्यातून, आणि प्रत्येक लिंकमध्ये सर्व्हरचं जुनं नाव कोरलेलं. वर्षानुवर्षांच्या फाइल. नाव बदललं असतं तर मार्चअखेरला लेखा विभागातल्या बाईंच्या समोर आकड्यांच्या जागी चुका उमटल्या असत्या आणि कारण शोधायला कोणाकडेच वेळ नसता. कटओव्हर सुट्टीच्या दिवशी केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल उघडली, लिंक अपडेट करू का असं एक्सेलने विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आकडे आले. त्यांना सर्व्हर बदलल्याचं मी सांगितलं तेव्हा कळलं. उघड्या असलेल्या फाइल कॉपी होत नाहीत एवढं लक्षात ठेवा. शेवटची फेरी सगळे बाहेर पडल्यावरच करायची आणि न गेलेल्या फाइलचा अहवाल डोळ्यांखालून घालायचा.

शेअरवर एक नवीन संरक्षणही आहे, फारसं न गाजलेलं. चुकीच्या पासवर्डनंतर एसएमबी सर्व्हर पुढच्या उत्तराआधी २ सेकंद थांबतो. कोणी सेकंदाला ३०० पासवर्ड या वेगाने ५ मिनिटं ठोकत बसलं तर ९०,००० प्रयत्न होतात. तेवढ्याच प्रयत्नांना आता ५० तास लागतील. ज्याचा एखादा पासवर्ड हुकतो त्याला हे जाणवतही नाही.

प्रिंटरबद्दल थोडक्यात: प्रिंट सर्व्हर वेगळा केला आणि डोमेन कंट्रोलरवर प्रिंट स्पूलर बंद ठेवला. २०२१ मध्ये स्पूलरमध्ये सापडलेल्या प्रिंटनाइटमेअर या भोकानंतर याला दुसरा पर्याय नाही.

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०२२ वर नेला. २००८ आर२ चा बॅकअप तिथे थेट रिस्टोअर होतो आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल १०० वर ठेवता येते, त्यामुळे लेखा सॉफ्टवेअरच्या जुन्या क्वेरी चालत राहिल्या. अडलं ते क्लायंटवर. तिथले डेटाबेसशी जोडणारे जुने ड्रायव्हर टीएलएस १.० च बोलत होते. प्रत्येक पीसीवर नवा ओडीबीसी ड्रायव्हर ग्रुप पॉलिसीने पोहोचवला. हे आधी एका चाचणीच्या पीसीवर करून बघितलं होतं, म्हणून निभावलं. टीएलएस १.० परत चालू करायचा सल्ला तुम्हालाही कोणी ना कोणी देईलच, तो घेऊ नका.

परवान्यांचं गणित मला अजूनही किचकट वाटतं. २०१६ पासून हिशोब प्रोसेसरच्या कोअरवर आहे. दर प्रोसेसरला किमान ८, दर सर्व्हरला किमान १६ कोअर धरावे लागतात, तुमच्या मशीनमध्ये कमी असले तरी. सगळ्या कोअरना स्टँडर्ड परवाना दिला की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. आणखी दोन हवीत तर सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा. डेटासेंटरमध्ये कितीही. त्यावर प्रत्येक माणसाचं किंवा यंत्राचं सीएएल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, आणि जुन्या आवृत्तीचं सीएएल नव्या सर्व्हरला चालत नाही. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (नव्या आवृत्तीचा हक्क देणारा करार) नसेल तर ते सगळं नव्याने घ्यावं लागतं. लहान संस्थांसाठी हा भार मोठा आहे. किती व्हर्च्युअल मशीन लागणार हे कागदावर मांडल्याशिवाय कोटेशन मागवू नका. आणि नवीन होस्ट घेताना गरजेपेक्षा जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊ नका, कारण परवाना त्या प्रत्येक कोअरचा द्यायचा असतो.

२०२५ निर्दोष नाही. १ नोव्हेंबर २०२४ ला बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या वर्षातल्या ज्ञात अडचणी बघूनच निर्णय घ्यावा. डोमेन कंट्रोलर रीस्टार्ट झाला की त्यावर डोमेनचं फायरवॉल प्रोफाइल लागण्याऐवजी दुसरंच लागत होतं आणि त्यामुळे डोमेनच्या सेवा पोहोचत नव्हत्या. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर बंद-चालू करणं हा तात्पुरता उपाय होता आणि दुरुस्ती जून २०२५ च्या अपडेटमध्ये आली. मे २०२५ मध्ये अकामाई या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की २०२५ बरोबर आलेल्या डेलिगेटेड मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटचा वापर करून, एखाद्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या खात्यांचा कप्पा) नवीन गोष्टी तयार करण्याचा साधा अधिकार असलेला माणूस दुसऱ्या कोणाचेही अधिकार मिळवू शकतो. त्यासाठी डोमेनमध्ये २०२५ चा एक कंट्रोलर पुरेसा होता. पॅच ऑगस्ट २०२५ मध्ये आला. म्हणून नवीन कंट्रोलर उभा करताना आधी ताजी अपडेट्स, मग डोमेनमध्ये प्रवेश, हा क्रम मोडू नका. आणि ओयूवर कोणाला काय अधिकार दिलेत ते एकदा तपासा. जुन्या डोमेनमध्ये तिथेही गाळ असतो.

रीस्टार्ट न करता पॅच लावण्याची हॉटपॅचची सोय अ‍ॅझ्युअर आर्क या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेला जोडलेल्या सर्व्हरना मिळते, वर्गणी भरून. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत तरीही रीस्टार्ट लागतो, मधल्या महिन्यांत नाही. चोवीस तास चालणाऱ्या सेवा असतील तर ती घेण्यासारखी आहे. आमच्यासारख्या संध्याकाळी शांत होणाऱ्या कार्यालयाला तिची गरज नाही आणि मी ती घेतली नाही. त्याऐवजी डोमेन कंट्रोलर सर्व्हर कोअरवर ठेवले, म्हणजे डेस्कटॉपशिवाय. कमी भाग, कमी भोकं. फक्त हा निर्णय बसवतानाच घ्यायचा असतो, नंतर कोअरवरून डेस्कटॉपवर किंवा उलट जाता येत नाही. डेस्कटॉपची सवय असलेले सहकारी आधी बिचकले. पण लॉगिन केल्यावर एसकॉन्फिगचा मेनू आपोआप समोर येतो आणि रोजचं काम अ‍ॅडमिन सेंटरमधून होतं हे बघून स्थिरावले.

विंडोज लॅप्स हा आणखी एक भाग लगेच लावण्यासारखा आहे. प्रत्येक पीसीच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवून तो आपोआप बदलत राहतो, आणि डोमेन २०१६ लेव्हलवर असेल तर डिरेक्टरीत तो एन्क्रिप्ट करून साठवता येतो. आधी आमच्या सगळ्या पीसींवर एकच पासवर्ड होता. एक पीसी पडला की सगळे पडले असते.

जागच्या जागी अपग्रेड करावं का, हे मला बरेच जण विचारतात. २०२५ एका झेपेत चार आवृत्त्या ओलांडू देतो, म्हणजे २०१२ आर२ वरून थेट येता येतं. आधीच्या आवृत्त्यांत ही मुभा दोनच आवृत्त्यांपुरती होती. एखाद्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर, ज्याची मांडणी पुन्हा करणं कोणालाच जमणार नाही, तिथे बॅकअप पडताळून हा रस्ता घ्यायला हरकत नाही. डोमेन कंट्रोलर मात्र नवीनच उभे करा. नवा जोडायला आणि जुना उतरवायला जो वेळ जातो तो सार्थकी लागतो, कारण जुन्या मशीनवर साठलेलं बाकीचं सामान तिथेच राहतं. तेच डीएनएसचं, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचं. जुन्या कंट्रोलरचा आयपी किती यंत्रांत हाताने भरलेला असतो हे डीएनएसचा डीबग लॉग चालू केल्यावर दिसतं. प्रिंटर, दारावरचे कार्ड रीडर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर. मी नव्या कंट्रोलरला शेवटी जुनाच आयपी दिला आणि ती यादी सावकाश सुधारत गेले.

२०२५ की २०२२? ज्यांचे पुरवठादार २०२५ ला अजून मान्यता देत नाहीत त्यांनी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर २०२२ वर ठेवावेत. त्याची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहेत. डोमेन कंट्रोलर आणि फाइल सर्व्हर २०२५ वर न्यावेत असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यांच्याकडे २०१६ आहे आणि आपण तर नव्यातलेच असं ज्यांना वाटतं, त्यांचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. खरेदीची मंजुरी येईल तेव्हा येईल. २८८९ आणि ३००० चे लॉग आहे त्याच सर्व्हरवर आजच चालू करता येतात, आणि पूर्ण महिन्याचा लॉग घ्या, कारण काही यंत्रं फक्त महिनाअखेरीलाच तोंड उघडतात.